दोन दिवसांत बंद झालेला पूल

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं, "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी द्या." सोसायटीचा इतिहास आपल्या पहिल्या अध्यक्षांनी आणि चिटणीसांनी लिहिलाच आहे. प्लॉटचा व्यवहार, पाण्याची जोडणी, पहिली लिफ्ट, सगळं त्यात आलंय. त्यात मी आणखी काय भर घालणार? म्हणून मी आपल्या सोसायटीच्याच वयाच्या एका पुलाचा इतिहास लिहायचं ठरवलं. आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली. त्याच वर्षी जून महिन्यात लंडनला थेम्स नदीवर पायी चालणाऱ्यांसाठी एक नवा पूल सुरू झाला, मिलेनियम ब्रिज. शनिवारी सुरू झाला आणि सोमवारी बंद केला. पुढे जवळजवळ वीस महिने तो बंदच होता. ही गोष्ट त्या वेळी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती, पण गंमतीची बातमी म्हणून. प्रत्यक्षात ती गंमत नव्हती.

आधी जागा समजून घेऊ. थेम्सच्या उत्तर काठावर 'सिटी' नावाचा लंडनचा जुना भाग आहे. बँक ऑफ इंग्लंड, मोठमोठ्या पेढ्या, विमा कंपन्या आणि सेंट पॉल्स हे ख्रिस्तोफर रेनने बांधलेलं भव्य घुमटाचं कॅथीड्रल, सगळं याच बाजूला. समोर दक्षिण काठावर साउथवर्क. (लिहितात साउथवर्क, पण तिथली माणसं 'सदक' म्हणतात.) शेक्सपिअरच्या काळात नाटकगृहं आणि इतर करमणुकीचे धंदे या काठावर होते, कारण सिटीच्या कारभाऱ्यांना ते आपल्या हद्दीत नको होते. नंतर तिथे गोदामं आली, कारखाने आले आणि सेंट पॉल्सच्या अगदी समोर विटांचं प्रचंड वीजकेंद्रही आलं. थोडक्यात, एका काठावर पैसा आणि दुसऱ्या काठावर मजुरी. मध्ये फक्त नदी, पण इथून तिकडे चालत जायचं तर बरंच लांबून वळसा पडायचा.

१९८१ साली ते वीजकेंद्र बंद पडलं. पुढे त्याच इमारतीत आधुनिक चित्रांचं संग्रहालय करायचं ठरलं, तेच आजचं टेट मॉडर्न. शेजारी शेक्सपिअरच्या ग्लोब नाटकगृहाची नवी प्रतिकृतीही उभी राहिली. दक्षिण काठाचे दिवस पालटायला लागले आणि मग पुलाची गरज जाणवली. मध्य लंडनमध्ये थेम्सवर शेवटचा अगदी नवा पूल झाला होता तो १८९४ चा टॉवर ब्रिज. म्हणजे शंभर वर्षांत नवी जोडणी नव्हती.

१९९६ साली पुलासाठी स्पर्धा जाहीर झाली आणि दोनशेहून अधिक आराखडे आले. निवडला गेला तो तिघांनी मिळून केलेला. अभियंते अरूप, वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांचं कार्यालय आणि शिल्पकार अँथनी कॅरो. अरूप ही साधीसुधी मंडळी नव्हेत, सिडनीच्या ऑपेरा हाऊसचं अभियांत्रिकी काम त्यांचंच. त्यांची कल्पना अशी, की पूल दिसायला इतका पातळ असावा की रात्री दिवे लागले की नदीवर प्रकाशाचं एक पातं ठेवल्यासारखं वाटावं.

आता झुलता पूल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हृषीकेशचा लक्ष्मण झुला येतो. दोन काठांवर उंच मनोरे, त्यावरून खाली झोळी घेतलेले जाड दोर आणि त्या दोरांना टांगलेला रस्ता. लंडनमध्ये तसं करून चालणार नव्हतं, कारण उंच दोर आले की सेंट पॉल्सचा घुमट झाकला जाणार. म्हणून त्यांनी दोर पुलाच्या दोन्ही अंगांना जवळजवळ आडवे ताणले. दोन्ही बाजूंना चार-चार पोलादी दोर. मधला गाळा १४४ मीटरचा, पण त्यात दोरांची झोळी फक्त २.३ मीटर, म्हणजे नेहमीच्या झुलत्या पुलाच्या साधारण एक षष्ठांश. इतक्या सपाट दोरांनी वजन पेलायचं तर ते जबरदस्त ताणावे लागतात. इथे तो ताण सुमारे २,००० टनांचा आहे. वर चालायला चार मीटर रुंदीचा ॲल्युमिनियमचा मार्ग. गाड्या नाहीत, स्कूटर नाही, सायकलवाल्यालासुद्धा उतरून सायकल हातात धरून न्यावी लागते. एकूण खर्च १ कोटी ८२ लाख पौंड.

९ मे २००० रोजी राणी एलिझाबेथच्या हस्ते पुलाचा समारंभ झाला, तेव्हा काम पूर्ण झालेलं नव्हतं. (समारंभ आधी आणि काम नंतर ही पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असं कोणी समजू नये.) लोकांसाठी पूल खुला झाला १० जूनला. त्या एका दिवसात ८० हजार ते एक लाख माणसं पुलावरून गेली असा अंदाज आहे. एका वेळी पुलावर दोन हजारांपर्यंत माणसं होती.

आणि पूल हलायला लागला.

झुलता पूल थोडाफार वर-खाली हलतो, हे सगळ्यांना माहीत असतं. हा हलत होता आडवा, डावी-उजवीकडे. मधल्या गाळ्यात ही हालचाल सात सेंटिमीटरपर्यंत गेली. सात सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं घरी बसून वाटेल. पण पायाखालची जमीन सेकंदाला एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला सरकायला लागली की माणूस चालूच शकत नाही. लोक कठड्याला धरून उभे राहिले. त्या वेळची चित्रफीत पाहिली तर दिसतं, की शेकडो माणसं पाय फाकवून एकाच लयीत डुलत चालली आहेत. जहाजाच्या डेकवर चालल्यासारखी. गंमत म्हणजे लोक थांबले की पूलही थांबायचा, आणि चालायला लागले की पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी एका वेळी थोडीच माणसं सोडायचं ठरलं, तर काठावर लांबच लांब रांगा लागल्या. १२ जूनला पूल बंद केला.

इथे जरा थांबून मागे जायला हवं. पूल आणि पावलं यांचं वैर जुनं आहे. १८३१ साली मँचेस्टरजवळ ब्रॉटन इथे इर्वेल नदीवरच्या झुलत्या पुलावरून ७४ सैनिकांची तुकडी चालली होती. पूल त्यांच्या पावलांच्या तालावर हलतोय हे त्यांना जाणवलं, मजा वाटली, आणि त्यांनी मुद्दामच आणखी तालात पाय आपटले. साखळीचा एक बोल्ट तुटला आणि चाळीसेक जण नदीत पडले. पाणी उथळ होतं, कुणी मेलं नाही, वीसएक जण जखमी झाले. तेव्हापासून ब्रिटिश फौजेत पूल आला की 'ब्रेक स्टेप' असा हुकूम सुटायला लागला, म्हणजे तालात चालू नका, पावलं मोडा. थेम्सवरच्याच अल्बर्ट ब्रिजवर तशी पाटी अजूनही आहे.

फ्रान्समधली गोष्ट मात्र भयंकर आहे. १८५० च्या एप्रिलमध्ये अँजे या गावी मेन नदीवरच्या झुलत्या पुलावरून पलटण जात होती. वादळ चालू होतं. सैनिकांना पावलं मोडून, अंतर ठेवून चालायचा हुकूम होता, आणि त्यांनी तो पाळलाही होता. तरी पूल वाऱ्याने इतका डोलत होता, की तोल सांभाळता सांभाळता सगळ्यांची पावलं नकळत त्याच लयीत पडायला लागली असं सांगतात. पुलाच्या तारा आतून गंजलेल्या होत्याच. पूल कोसळला आणि सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. ब्रॉटनला सैनिकांनी मुद्दाम ताल धरला होता, अँजेला ताल धरायचा नाही असं ठरवूनही तो धरला गेला. या दोन गोष्टींतला फरक लक्षात ठेवा, लंडनला तोच उपयोगी पडणार आहे.

अरूपच्या अभियंत्यांपुढे प्रश्न असा होता, की चूक कुठे झाली? हिशोब पुन्हा तपासला, तर तो बरोबर. वापरलेलं पोलाद बरोबर. बांधकाम आराखड्याप्रमाणे. पूल पडण्याचा धोका नव्हता. ब्रिटिश नियमावलीत पादचारी पुलाच्या वर-खाली हेलकाव्यांचा विचार होता आणि तो या पुलात केलेला होता. आडव्या हेलकाव्यांबद्दल नियमावली काही सांगत नव्हती. म्हणजे आमच्या भाषेत, ऑडिटमध्ये एकही शेरा नाही, सगळ्या नोंदी जुळतायत, आणि तरी दारात लोकांची झुंबड.

मग त्यांनी माणसाच्या चालण्याचाच अभ्यास सुरू केला. तो साध्या शब्दांत सांगतो. आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. प्रत्येक पावलाला जमिनीवर खाली दाब पडतो, तो सेकंदाला दोनदा. पण डावं पाऊल टाकताना आपण जमिनीला किंचित एका बाजूला रेटतो आणि उजवं टाकताना दुसऱ्या बाजूला. म्हणून आडवा रेटा सेकंदाला एकदा इकडे, एकदा तिकडे असा पडतो. तो खालच्या दाबाच्या मानाने अगदी थोडा असतो, त्यामुळे कुणी त्याची फिकीर करत नव्हतं. शिवाय शंभर माणसं शंभर तऱ्हेने चालतात, एकाचा डावा तेव्हा दुसऱ्याचा उजवा, सगळे रेटे एकमेकांत मिटतात असं धरलं होतं. दुर्दैवाने त्या पुलाची आडवं डोलण्याची स्वतःची लय नेमकी सेकंदाला एकदाच्या आसपास होती. झोपाळ्याला नेमक्या वेळी बोटाने ढकललं तरी तो उंच जातो, तसं.

पण मुख्य गोष्ट यापुढची. पूल किंचित हलला की वरची माणसं काय करतात? एसटीत उभं राहून पुढच्या दाराकडे जाताना आपण जे करतो तेच. पाय जरा फाकवतो आणि गाडीच्या हेलकाव्याप्रमाणे पाऊल टाकतो. सगळे असं करायला लागले, की पूर्वी एकमेकांत मिटणारे रेटे आता एकाच दिशेने पडायला लागतात. पूल आणखी हलतो. मग लोक आणखी पाय फाकवतात आणि आणखी जोराने रेटतात. अँजेच्या पुलावर हेच झालं असावं. फरक एवढाच, की तिथे सुरुवात वाऱ्याने केली आणि इथे वाराही लागला नाही.

मी जन्मभर बँकेत काढला, त्यामुळे मला हे वाचताना दुसरीच गोष्ट आठवली. एखाद्या बँकेबद्दल अफवा उठते. पहिला खातेदार पैसे काढायला येतो, त्याला पाहून दुसरा येतो, रांग पाहून तिसरा. त्यात एकही माणूस वेडा नसतो. प्रत्येक जण स्वतःपुरतं अगदी शहाणपणाने वागत असतो, आपला तोल सांभाळत असतो. आणि त्या शहाणपणानेच धडधाकट बँकही अडचणीत येते. कोणत्याही एका खातेदाराला तुम्ही दोष देऊ शकत नाही. त्या पुलावरच्या माणसांचंही तसंच होतं.

यातला सर्वात दचकवणारा आकडा पुढच्या चाचणीत मिळाला. आधी इंपीरियल कॉलेज आणि साउदॅम्प्टन विद्यापीठात हलत्या फळीवर माणसांना चालायला लावून पाहिलं, मग खुद्द पुलावर मोजून माणसं सोडायला सुरुवात केली. उत्तरेच्या गाळ्यावर १५६ माणसं होईपर्यंत विशेष काही झालं नाही. आणखी दहा माणसं वाढवली आणि हेलकावे एकदम वाढत सुटले. म्हणजे गर्दी दुप्पट झाली की हेलकावे दुप्पट असा सरळ हिशोब तिथे नव्हताच. एका मर्यादेपर्यंत सगळं शांत, आणि ती मर्यादा ओलांडली की काही सेकंदांत गडबड. दीडशे माणसांवर चाचणी घेऊन कुणी सांगितलं असतं की पूल उत्तम आहे, तर तो खोटं बोलत नव्हता.

शोध घेता घेता असंही आढळलं, की हे जगात पहिल्यांदा घडलेलं नाही. जपानमध्ये टोडा पार्क इथे नौकाशर्यतीच्या स्टेडियमजवळच्या पादचारी पुलावर, शर्यत सुटल्यावर गर्दी झाली की असंच व्हायचं. त्यावर फुजिनो नावाच्या जपानी प्राध्यापकांनी आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली लेखही लिहिला होता, पण तो छापला गेला भूकंप-अभियांत्रिकीच्या नियतकालिकात. पुलांचा आराखडा करणारे ते कशाला वाचतील! न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचा मोठा हार्बर ब्रिज, वाहनांचा पूल, १९७५ साली मोर्चा जाताना हलला होता. पॅरिसमध्ये तर सेन नदीवरचा सोल्फेरिनो पादचारी पूल लंडनच्या आधी सहाच महिने, डिसेंबर १९९९ मध्ये, सुरू होऊन याच कारणाने बंद करावा लागला होता. माहिती होती, पण ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. एका शाखेतला फ्रॉड दुसऱ्या शाखेला कळू नये म्हणून दडवला जातो आणि तोच प्रकार तिकडे पुन्हा होतो, तसं काहीसं.

अरूपने मात्र दडवलं नाही. मला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वात मोठी वाटते. आपल्या पुलाचं काय चुकलं, काय मोजलं, काय सापडलं, हे त्यांनी २००१ साली अभियंत्यांच्या नियतकालिकात आकड्यांसकट छापलं. दुसऱ्या कुणाचा पूल हलू नये म्हणून. पुढे जगभरच्या पादचारी पुलांच्या नियमांत आडव्या हेलकाव्यांचा विचार आला, तो यातूनच.

दुरुस्ती कशी करायची यावरही खल झाला. पूल जाडजूड, ताठ करावा, तर त्याचं रूप जाणार. एका वेळी थोडीच माणसं सोडावी, तर मग पूल कशाला बांधला? शेवटी ठरलं की हेलकावा शोषून घेणारी यंत्रणा बसवायची. स्कूटरच्या चाकाला जसा शॉक ॲब्सॉर्बर असतो त्याच जातीचे, आत दाट द्रव असलेले ३७ डॅम्पर आडव्या हालचालीसाठी, आणि वर-खाली हालचालीसाठी स्प्रिंगवर तोललेल्या वजनांचे ५२ डॅम्पर. खर्च आणखी ५० लाख पौंडांचा. सगळं बसवून झाल्यावर सुमारे दोन हजार माणसांना पुलावर चालवून पाहिलं आणि मग २२ फेब्रुवारी २००२ रोजी पूल पुन्हा खुला झाला. मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी त्यावरून दोनदा चाललो. काहीही हलत नाही. सेंट पॉल्सकडे तोंड करून चालताना घुमट समोर ठेवल्यासारखा दिसतो. काठावर उतरून खालून पाहिलं तर डॅम्परच्या नळ्या आणि आडव्या कैच्या दिसतात, त्या पाहायला मात्र कुणी थांबत नाही. लंडनचे लोक त्याला अजूनही 'वॉबली ब्रिज', म्हणजे डगमगणारा पूल, म्हणतात. नाव एकदा पडलं की पडलं! आपल्या बच्चेकंपनीला तो हॅरी पॉटरच्या सहाव्या सिनेमात कोसळताना पाहून माहीत असेल. तो अर्थातच सिनेमा.

शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. २००५ साली स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ वगैरे गणितज्ञांनी 'नेचर'मध्ये मांडलं, की माणसांची पावलं आपोआप एका तालात येतात, जसे एका भिंतीवर टांगलेले दोन लंबक काही वेळाने जुळून हलायला लागतात. हा लंबकांचा चमत्कार डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६६५ मध्येच पाहिला होता. मग २०२१ साली ब्रिस्टल आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी म्हटलं, की ताल जुळायचीसुद्धा गरज नाही. प्रत्येक जण वेगवेगळ्या लयीत चालत फक्त स्वतःचा तोल सांभाळत राहिला, तरी पुलाला रेटा मिळत राहतो, ताल नंतर येतो. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं, कारण पहिल्या दिवशी त्या पुलावर कुणी कुणाला पाहून पाऊल टाकत नव्हतं. पण हा माझा अधिकार नाही.

आता लंडनचं कौतुक आपण कशाला करायचं, असं कुणी विचारेल. मी २०२२ ची ३० ऑक्टोबर विसरू शकत नाही. गुजरातमधल्या मोरबी गावात मच्छू नदीवरचा शंभर वर्षांहून जुना झुलता पूल दुरुस्तीनंतर चारच दिवसांपूर्वी, २६ ऑक्टोबरला, उघडला होता. दिवाळीची सुट्टी, रविवार. संध्याकाळी पूल तुटला आणि १३५ माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. चौकशीत निघालं, की एका मुख्य दोरातल्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. भार-चाचणी न घेताच पूल उघडला होता आणि एका वेळी किती माणसं सोडायची याला काही धरबंध नव्हता. आणि आपल्या अगदी जवळची, २०२५ च्या १५ जूनची गोष्ट. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल, पावसाळी सहलीला आलेल्यांची गर्दी, पुन्हा रविवारच. चार माणसं गेली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता.

या पुलांची लंडनच्या पुलाशी तांत्रिक तुलना होत नाही, हे मला कळतं. तो नवा कोरा आणि मजबूत होता, हे जुने आणि गंजके. तिथे एकाच्याही अंगावर ओरखडा उठला नाही. पण मी विचार करतो तो १२ जून २००० च्या सकाळचा. पाच आठवड्यांपूर्वी राणीने ज्याचा समारंभ केला तो पूल, नव्या सहस्रकाचं नाव असलेला, जगभरचे पत्रकार कॅमेरे लावून बसलेले. "अहो, पडणार नाही, थोडा हलतो एवढंच" असं म्हणायला जागा होती, आणि ते खरंही होतं. तरी कुणीतरी बसून ठरवलं की बंद करा. वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने टिंगल केली, ती सोसली. फलक लावणं सोपं असतं. उद्घाटन झालेली वस्तू माणसं उभी असताना बंद करायची आणि दारात कुलूप घेऊन उभं राहायचं, हे अवघड. आपल्या इमारतींना पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, असं उपविधीत आहे. वार्षिक सभेत बाहेरच्या रंगाचा विषय निघाला की सगळे हात वर होतात आणि ऑडिटचा निघाला की सगळे घड्याळ बघतात. सभेत बोलून झालंच आहे, इथे नुसती नोंद करून ठेवतो.

एक गोष्ट राहिली, ती पैशाची. त्याशिवाय बँकवाल्याचा लेख पुरा होत नाही. या पुलाची देखभाल सरकार करत नाही, कराच्या पैशातूनही होत नाही. ती करते एक धर्मादाय संस्था, तिचं नाव होतं ब्रिज हाऊस इस्टेट्स. तिची सनद आहे १२८२ सालची. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हाची! जुन्या दगडी लंडन ब्रिजवरून जाणाऱ्यांकडून जकात घेत, पुलावर घरं आणि दुकानं होती त्यांचं भाडं येई, शिवाय सज्जन माणसं मरताना मृत्युपत्रात पुलासाठी काहीतरी ठेवून जात. ते सगळं एका निधीत जमा होत गेलं. त्या पैशांतून जमिनी घेतल्या, जमिनींचं भाडं पुन्हा निधीत. सातशे चाळीसहून अधिक वर्षं हा निधी मोडला गेला नाही. आज तो लंडन ब्रिज, टॉवर ब्रिज, ब्लॅकफ्रायर्स, साउथवर्क आणि हा मिलेनियम ब्रिज असे पाच पूल सांभाळतो आणि उरलेल्या उत्पन्नातून लंडनभर समाजकार्याला देणग्या देतो. मिलेनियम ब्रिज बांधायलाही त्यानेच मोठा हात दिला. आपल्याकडे सिंकिंग फंडात वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्का जमा करायचा, तर त्यावर तासभर चर्चा होते. असो.

त्या निधीची कामं आजही चालू आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मिलेनियम ब्रिज साफसफाई आणि दुरुस्तीसाठी तीन आठवडे पुन्हा बंद ठेवला. पुलाखाली कामगारांसाठी पाळणे बांधले, त्यामुळे बोटींना जायला उंची कमी झाली. अशा वेळी थेम्सवरचा फार जुना नियम आहे, की जिथे उंची कमी झाली तिथे पुलाला गवताचा भारा टांगायचा, बोटवाल्याला दुरून दिसेल एवढा मोठा, आणि रात्री त्या जागी पांढरा दिवा लावायचा. ॲल्युमिनियमच्या, ८९ डॅम्पर बसवलेल्या त्या पुलाखाली तीन आठवडे गवताचा भारा लोंबत होता. ५ नोव्हेंबरपर्यंतचं काम संपलं, भारा काढला आणि पूल लोकांसाठी उघडला.